प्लेगच्या काळातील आरोग्यदूत : डॉ. वाल्डेमार हाफकिन

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आरोग्यसेवेच्या क्षेत्रातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा दानशूर शेठियांची अनेक नावे डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांची चरित्रे आपल्या समाजाला मुखोद्गत आहेत. मंदिरांच्या, धर्मशाळांच्या आणि दवाखान्यांच्या शिलालेखांवर ती वाचावयासही मिळतात. म्हणून मी जाणीवपूर्वक अशा एका व्यक्तीची निवड केली आहे, की जी आपल्या धर्माची नव्हती आणि आपल्या देशाचीही नव्हती. तरीही आपल्या पणजोबांच्या पिढीवर तिचे मोठे ऋण आहे. मुंबईत परळ येथे ज्यांच्या नावाची संस्था उभी आहे, ते डॉ. वाल्डेमार हाफकिन. संस्थेचे नाव सर्वांस ठाऊक आहे. माणूस मात्र विस्मृतीत गेला आहे.

हाफकिन यांनी पटकी आणि प्लेग या दोन महाभयंकर रोगांवर लस शोधून काढली, हे त्यांच्या कार्याचे अर्धेच वर्णन झाले. लस कुपीत असते तोवर ती कोणाचाही जीव वाचवीत नाही. माणसाने आपण होऊन दंड पुढे केला पाहिजे. त्यासाठी सरकार, वैद्यकीय मंडळी, समाजाचे धुरीण आणि चाळीचाळींतून राहणारे सामान्य रहिवासी या सर्वांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ त्या काळात कोठे बसला, कोठे फिसकटला आणि त्याची किंमत कोणी मोजली, ही कथा मला अधिक महत्त्वाची वाटते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा येथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू लाभले. पुढे याच मेचनिकोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी रशियात ज्यू लोकांवर दंगलींचे संकट वारंवार ओढवत असे. तरुण हाफकिन आपल्या समाजाच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तुकडीत सामील झाले आणि त्यापायी त्यांना तुरुंगवासही घडला. विद्वत्ता असूनही केवळ ज्यू असल्यामुळे विद्यापीठातील वरच्या पदाचे दार त्यांना बंद होते. अखेर १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला, काही काळ जिनिव्हा येथे अध्यापन केले आणि पुढच्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे त्या वेळी संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथपालाची होती. त्यांनी ती स्वीकारली. दिवसा पुस्तके सांभाळावयाची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करावयाचे, असा त्यांचा क्रम होता.

या कष्टांतून त्यांनी पटकीवरील लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण ते सुखरूप राहिले. युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांनी मात्र या शोधाकडे संशयाने पाहिले. लस सिद्ध करावयाची तर जेथे पटकीचा प्रादुर्भाव आहे तेथेच गेले पाहिजे. त्यांच्या मनात प्रथम सयाम देशाचा विचार होता. परंतु पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन, जे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते, त्यांनी हिंदुस्थानात जाण्याचे सुचविले. त्याप्रमाणे मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यास उतरले.

येथे त्यांना पहिला धडा मिळाला. परका माणूस, परकी भाषा, हातात सुई आणि पाठीशी परके सरकार, हे पाहून लोकांनी दारे लावून घेतली असतील तर त्यांना अडाणी म्हणण्याचे कारण नाही. सरकारविषयी ज्याला भय आहे, त्याला सरकारच्या सुईविषयीही भय वाटणारच. हाफकिन यांनी ही गोष्ट लवकर ओळखली. कलकत्ता नगरपालिकेचे आरोग्य अधिकारी डॉ. सिम्प्सन यांचे त्यांना साह्य होतेच. त्याशिवाय त्यांनी चौधरी, घोष, चटर्जी, दत्त आदी देशी डॉक्टरांना बरोबर घेतले आणि जमलेल्या लोकांदेखत स्वतःस लस टोचून घेण्याची रीत सुरू केली. १८९४ च्या मार्चमध्ये काठालबागान या गरीब वस्तीत पटकीने माणसे दगावली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत आणखी १० जणांना पटकी झाली व त्यांतील ७ जण मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थान, बंगाल आणि आसाम मिळून सुमारे ४२,००० लोकांना त्यांनी लस टोचली. आसामच्या चहामळ्यांतील मजुरांचाही यांत समावेश होता. मळ्यातील मजुराला नको म्हणण्याची कितपत मोकळीक होती, हा प्रश्न आज आपल्या मनात येतो आणि तो यावाही. स्वतः हाफकिन मात्र लस स्वेच्छेनेच घेतली जावी या मताचे होते. अतिश्रमाने व मलेरियाने त्यांची प्रकृती ढासळली. विश्रांतीसाठी ते १८९५ मध्ये परत गेले आणि १८९६ मध्ये पुन्हा आले.

आता आपल्या मुंबईकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात एका विचित्र तापाने माणसे मरू लागली. काखेत व जांघेत गाठ येई आणि दोन-चार दिवसांत कारभार आटोपे. गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे, असे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. बंदरावर उतरलेला माल तेथे साठविला जाई. कच्छी व गुजराती व्यापारी तेथे मोठ्या संख्येने राहत आणि त्यांत आपले जैन बांधवही पुष्कळ होते. धान्य आले की उंदीर आलेच. वखारींतून उंदीर मरून पडत होते, पण त्याचा अर्थ त्या वेळी कोणासच पुरता कळला नव्हता. उंदरावरील पिसवांमार्फत हा रोग माणसापर्यंत पोहोचतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी आठ-दहा वर्षे गेली.

शहरात हाहाकार उडाला. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत शहरातील निम्म्याच्या जवळपास लोक गावोगाव निघून गेले. गिरण्या ओस पडल्या, पेढ्या बंद झाल्या. परदेशी बंदरे मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहू लागली. रुग्णाच्या घरातील कपडे, अंथरुणे, गोधड्या जाळून टाकण्यात येत. कापडाच्या व्यापारात हयात घालविल्यामुळे मला या गोष्टीचा विचार केल्यावाचून राहवत नाही. गरिबाच्या घरी अंथरूण-पांघरूण हीच मोठी मालमत्ता असते. ती डोळ्यांदेखत पेटवून दिली जाताना पाहिल्यावर तो पुढच्या वेळी आजारी माणूस लपवून ठेवणार नाही तर काय करील?

आणि लोक आजारी माणसे लपवू लागलेच. १८९७ मध्ये साथरोगांसंबंधीचा कडक कायदा झाला. अधिकाऱ्यांना घरात शिरण्याचा, माणसांना उचलून रुग्णालयात वा छावणीत नेण्याचा, रेल्वे स्थानकावर तपासणी करण्याचा अधिकार मिळाला. स्त्रियांची तपासणी हा विषय तर अत्यंत नाजूक होता. रुग्णालयात नेलेला मनुष्य परत येत नाही, अशी समजूत पसरली. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. देव्हाऱ्यापर्यंत बूट घालून सैनिक शिरले, हा लोकांचा मुख्य संताप होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, हा इतिहास महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्याच पुण्यात, त्याच वर्षी, १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. एकाच शहरात रोगाशी लढण्याच्या या दोन तऱ्हा होत्या. सैनिकांना पाहून रुग्ण माळ्यावर लपत असत. सावित्रीबाईंकडे माणसे आपण होऊन येत.

मुंबईत मात्र अधिकाऱ्यांनी काही प्रमाणात शहाणपण दाखविले. निरनिराळ्या ज्ञातींनी व समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये चालवावीत, यास प्लेग समितीने अनुमती दिली. खर्च समाजाचा, स्वयंपाकी व सेवक समाजाचे, देखरेख सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांची, अशी ती योजना होती. आपले अन्न, आपली माणसे आणि आपले आचार पाळले जातील, अशी खात्री पटल्यावर लोक रुग्ण बाहेर आणू लागले. ज्ञातीज्ञातींत विभागलेली ही व्यवस्था आजच्या दृष्टीने आदर्श नव्हती. तरीही सरकारने लोकांना विचारले आणि लोकांनी जबाबदारी उचलली, हे त्यातील सार होते.

या वातावरणात हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतची पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी जगातील पहिली प्लेगची लस तीन महिन्यांत तयार केली. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे, त्यावर तुपाचे थेंब सोडावयाचे म्हणजे जंतू त्या थेंबांखाली झुंबरांसारखे लोंबत वाढतात, मग उष्णता देऊन ते निर्जीव करावयाचे आणि ते द्रव्य टोचावयाचे, अशी ती कृती होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुढे सामान्यतः दिल्या गेलेल्या मात्रेहून किती तरी मोठी, म्हणजे १० घनसेंटिमीटर इतकी मात्रा स्वतःस टोचून घेतली. तीव्र ताप आला आणि उतरला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेण्यास संमती दिली. पुढील दिवसांत लस घेतलेल्यांत आजारी पडलेले अगदी थोडे निघाले. न घेतलेल्यांत मात्र कित्येक आजारी पडले व काही दगावले. ज्यांचे नावही इतिहासाने ठेवले नाही, अशा या कैद्यांचे ऋण मुंबईने कधी मानले आहे, असे मला वाटत नाही.

कैद्यांनी लस घेतली. परंतु शहरातील प्रतिष्ठित घरांचे काय? येथे सर सुलतान महंमद शाह आगाखान यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. त्या वेळी ते अवघे १९ वर्षांचे होते. आपल्या खोजा समाजात लसीविषयी भय आहे, हे पाहून त्यांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली, तीही एकदा नव्हे. माझगाव येथील आपला खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी प्रयोगशाळेसाठी दिला. परिणामी खोजा समाजातील हजारो स्त्री-पुरुषांनी लस घेतली. धर्मगुरूने व्याख्याने देऊन जे साधले नसते, ते त्याने बाही वर केल्याने साधले. शासनाचा शास्त्रज्ञ, समाजाचा पुढारी आणि घरोघरचे रहिवासी यांचा मेळ म्हणतात तो हा. पुढे १८९८ मध्ये ज्यांनी लस घेतली आहे, त्यांना दाखला देऊन छावणीत डांबण्यापासून सूट मिळू लागली. सक्तीऐवजी सवलत देण्याचा हा मार्ग व्यापारी माणसाला तत्काळ पटेल असाच होता.

आपल्या समाजापुढे यात एक खरी अडचण होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अहिंसा हा आपला परमधर्म. उंदीर पकडून मारण्याची मोहीम निघाली, तेव्हा जीवदया मानणाऱ्या अनेकांच्या मनाला ती रुचली नाही. लस मांसाच्या रसावर तयार होते, हे कळल्यावर तर संकोच अधिकच वाढणे स्वाभाविक होते. हाफकिन यांनी हिंदू व मुसलमान या दोहोंच्या भावना ध्यानी घेऊन गोमांस व डुकराचे मांस टाळले आणि बकऱ्याच्या मांसाचा उपयोग केला. त्याने आपल्या समाजाचा प्रश्न सुटत नव्हता, हे उघड आहे. मला मात्र त्यातील दृष्टी महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळेच्या बंद खोलीत बसलेल्या माणसाने ज्याच्या दंडात ही सुई जाणार, त्याच्या मनाचा विचार केला. भिन्न बाजूंनी सत्याकडे पाहावे, असे आपला अनेकांतवाद शिकवितो. एका बाजूस सूक्ष्म जीवांचीही दया आणि दुसऱ्या बाजूस शेजारच्या घरातील लेकराचा प्राण, असा हा पेच होता. त्या काळच्या श्रावकांनी तो आपापल्या विवेकाने सोडविला. कोणी लस घेतली, कोणी घेतली नाही, कोणी गाव सोडून दूर गेले. आज त्यांना दोष देणे सोपे आहे. वखारींतील स्वच्छता, धान्याची नीट साठवण आणि उंदरांना थाराच मिळू न देणे हा अहिंसेला धरून असलेला उपाय आपल्या हाती होता, तो मात्र आपण व्यापाऱ्यांनी आधीच करावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. वखार स्वच्छ ठेवण्यासाठी कोणत्याही लसीची वाट पाहावी लागत नाही.

मुंबईबाहेरचा एक प्रसंग येथे सांगतो. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या खेड्यात प्लेग सुरू होता. संस्थानचे अधिकारी, डॉक्टर आणि गावकरी एकत्र जमले. घरागणिक कुटुंबे बोलावून प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली, जेणेकरून एकाच छताखाली राहणाऱ्या दोन्ही प्रकारच्या माणसांची तुलना व्हावी. नंतर ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती व त्यांतील ३ दगावली. लस न घेतलेली ६४ होती व त्यांतील २६ दगावली. हे आकडे वाचताना समाधान वाटते आणि त्याच वेळी ती २६ माणसे डोळ्यांपुढे येतात. शास्त्राला असा पुरावा लागतो, हे खरे. परंतु त्या पुराव्याची किंमत उंधेऱ्याच्या कुटुंबांनी चुकविली, हेही तितकेच खरे.

१८९७ मध्येच ब्रिटिश सरकारने हाफकिन यांचा किताब देऊन गौरव केला. प्रयोगशाळेची जागा दोन-तीन वेळा बदलल्यानंतर परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात ती स्थिर झाली. त्या वास्तूत एका गव्हर्नरांच्या पत्नीचा पटकीने अंत झाला होता आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मलबार हिलचा आश्रय घेतला होता. रोगाच्या भयाने सोडलेल्या त्याच वाड्यात १० ऑगस्ट १८९९ रोजी लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. येथून देशभर आणि परदेशीही लस जाऊ लागली. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईहून लसीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा पाठविल्या गेल्या.

यशाच्या शिखरावर असतानाच त्यांच्यावर आघात झाला. १९०२ मध्ये पंजाबात प्लेगचा कहर होता व लसीची मागणी प्रचंड वाढली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मलकवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी ज्या १९ जणांना ५३-एन या एकाच क्रमांकाच्या बाटलीतील लस दिली होती, ते सर्व जण धनुर्वाताने मरण पावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी समितीने ठपका परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लसीत कार्बॉलिक आम्ल घालण्याची पूर्वीची पद्धत सोडून हाफकिन यांनी केवळ उष्णतेने शुद्धी करण्याची पद्धत स्वीकारली होती, तीच या अनर्थास कारण झाली, असे मानले गेले. पाश्चर संस्थेत हीच पद्धत प्रचलित होती, याकडे लक्ष दिले गेले नाही. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

आमच्या धंद्यात माल खराब निघाला, तर तो गिरणीतून तसा आला, की वाहतुकीत भिजला, की दुकानात उघडल्यावर डागाळला, हे शोधावे लागते. गठडीवरचा क्रमांक आणि वहीतील तारीख असेल तर शोध लागतो. नसेल तर जो दुर्बल असेल त्याच्या माथी दोष येतो. हाफकिन यांच्या बाजूने क्रमांक होता, तारीख होती आणि साक्षीही होत्या. बाटली मलकवालला उघडण्यापूर्वी एक्केचाळीस दिवस आधी भरली गेली होती. धनुर्वाताचे जंतू तेव्हाच शिरले असते, तर इतक्या दिवसांत द्रव्याला दुर्गंधी आली असती. उघडताना तशी दुर्गंधी नव्हती, अशी साक्ष होती. उलट, बाटली उघडणाऱ्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता, हे चौकशीच्या कागदपत्रांतच नमूद होते. हे कागद प्रसिद्ध होण्यास चार-पाच वर्षे लागली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळविणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांच्या बाजूने लेखणी उचलली आणि जुलै १९०७ मध्ये रॉस, सिम्प्सन आदी दहा मान्यवर शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आले. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले.

पाच वर्षांच्या या काळात नुकसान एकट्या हाफकिन यांचे झाले नाही. मलकवालची वार्ता पसरताच लोक पुन्हा लसीला बिचकू लागले आणि पंजाबात प्लेगने माणसे मरतच राहिली. कलकत्त्याच्या वस्तीत स्वतःच्या दंडावर सुई टोचून, आगाखानांच्या बंगल्यात रांगा लावून, दहा वर्षांत जो विश्वास जमा केला होता, तो एका चिमट्याने आणि एका घाईच्या चौकशीने गमावला. येथे सरकारने लोकांपुढे सर्व कागद मोकळेपणाने ठेवले असते, तर गावकऱ्यांना खरे कारण कळले असते. मलकवालच्या त्या १९ कुटुंबांनाही ते कळण्याचा अधिकार होता.

२०२१ मध्ये कोविडच्या लसीकरणाच्या वेळी या इतिहासाची मला वारंवार आठवण झाली. आपल्या ट्रस्टने सभागृह दिले, पालिकेने डॉक्टर व परिचारिका दिल्या, तरी पहिल्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या राहत. ध्वनिक्षेपक लावून रिक्षा फिरविली, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग महिला मंडळाच्या भगिनींनी इमारतीगणिक जाऊन घरातील वृद्धांशी चर्चा केली, आपले लस घेतल्याचे दाखले दाखविले आणि काहींना हात धरून आणले, तेव्हा रांगा लागल्या. आपल्या पन्नास वर्षांच्या अहवालांत शिबिरांची संख्या आहे, रुग्णांची संख्या आहे, देणगीदारांची नावेही आहेत. या भगिनींची नावे मला कोठे आढळली नाहीत. पुढील अहवालात ती असावीत, अशी विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. शिबिर कोठे व कोणत्या दुखण्यासाठी भरवावे, हे ठरविणाऱ्या बैठकीसही त्या वस्तीतील चार रहिवासी बोलाविले जावेत, असे मला वाटते.

दोषमुक्त झाल्यानंतर हाफकिन कलकत्त्यास परत आले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना पुन्हा मिळाली नाही आणि माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्याची मोकळीकही राहिली नाही. काही वर्षे त्यांनी तेथे निमूटपणे संशोधन केले आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपास गेले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात ते आपल्या धर्माच्या आचाराकडे अधिकाधिक वळले. ज्यू धर्माचे आहारविहाराचे नियम कसोशीने पाळणारा हा शास्त्रज्ञ पॅरिसच्या विद्वत्सभांत अनेकांना कोड्यात टाकी. आपणा जैनांना त्यात कोडे वाटण्याचे कारण नाही. चौविहार पाळणारे डॉक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत.

१९२५ मध्ये मुंबईच्या प्रयोगशाळेस सरकारने हाफकिन संस्था हे नाव दिले. ते कळल्यावर, आपल्या आयुष्यातील उत्तम वर्षे मुंबईच्या कार्यात गेली, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठविले. १९२९ मध्ये त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी आपल्या संपत्तीचा न्यास केला आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परळच्या त्या जुन्या वाड्यात त्यांच्या नावाची संस्था संशोधन व प्रशिक्षणाचे काम करीत आहे आणि तिच्यातून १९७५ मध्ये वेगळ्या झालेल्या महामंडळाने पोलिओची लस देशभरातील बालकांपर्यंत पोहोचविली आहे.